सीओपीडी आणि घरातले जाणकार: कोणाकडून काय शिकायचं, कसं शिकायचं

सीओपीडी म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन धाप लागण्याचा फुप्फुसाचा आजार. त्याच्या पेशंटला डॉक्टर भेटतात ते दोन-तीन महिन्यांतून एकदा, तेही गर्दीच्या ओपीडीत. बाकीचे सगळे दिवस आपण, आपला पंप (इनहेलर) आणि आपली माणसं. आणि आपल्याकडे बहुतेक घरांत, नात्यात नाहीतर शेजारात, वैद्यकीय कामातलं कोणीतरी असतंच. कोणाची नणंद स्टाफ नर्स, कोणाचा भाचा मेडिकल चालवतो, कोणाची सून फिजिओथेरपिस्ट, आणि एखादे काका वर्षानुवर्षं हाच आजार अंगावर वागवत असतात. माझ्याकडे हे सगळेच आहेत. दवाखान्यातल्या कोणत्याही कागदापेक्षा मी त्यांच्याकडून जास्त शिकले, म्हणून हा लेख.

पण या माणसांना विचारायची एक रीत आहे. "मी काय करू?" असं विचारलं की ती घाबरून नाहीतर प्रेमापोटी काहीतरी सल्ला देतात, आणि पाच माणसांचे पाच सल्ले होतात. त्याऐवजी "मी करते, तुम्ही बघा" असं म्हणा. तेवढ्यानं सगळं बदलतं. निर्णय डॉक्टरांचा, हातातली कला घरच्यांकडून. खालच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

आधी आपल्या आजाराचं नाव पक्कं करा

आपल्याकडे श्वासाच्या प्रत्येक तक्रारीला "दमा" म्हणतात. दमा वेगळा, सीओपीडी वेगळा, टीबी बरा झाल्यावर फुप्फुसात राहिलेले व्रण वेगळे, आणि आयएलडी, म्हणजे फुप्फुसं कडक होत जाण्याचा आजार, तर अगदीच वेगळा. औषधं वेगळी, काळजी वेगळी. नणंदेला दम्याचे पेशंट माहीत असतील आणि तुम्हाला आयएलडी असेल, तर तिचं अर्धं ज्ञान तुमच्या कामाचं नाही.

सीओपीडीचं निदान फुंकण्याच्या तपासणीवर, म्हणजे स्पायरोमेट्रीवर होतं. नुसत्या एक्स-रेवर ते ठरत नाही. रिपोर्टमध्ये दोन ओळी शोधा. पहिली एफईव्ही-१ (पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा) आणि एफव्हीसी (पूर्ण फुंकलेली हवा) यांचं गुणोत्तर: श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध दिल्यानंतरही ते ०.७ च्या खाली असेल तर नळ्या अरुंद झाल्या आहेत. दुसरी एफईव्ही-१ ची टक्केवारी, म्हणजे अपेक्षित आकड्याच्या किती टक्के: ८० किंवा वर सौम्य, ५० ते ७९ मध्यम, ३० ते ४९ तीव्र, ३० च्या खाली अतितीव्र. घरातल्या जाणकारासमोर हा कागद ठेवूनच बोलायला बसा. कागद नसेल, फुंकून घेतलंच नसेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना तेच विचारायचं.

एक गोष्ट बायकांसाठी मुद्दाम सांगते. "मी आयुष्यात विडीला हात लावला नाही, मग मला कसा?" हा प्रश्न मनात धरून बसू नका. २००९ साली पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी 'द लॅन्सेट'मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर सविस्तर लिहिलं आहे. चुलीचा धूर, धुळीतलं काम, जुना टीबी, लहानपणी छातीची वारंवार झालेली दुखणी, ही सगळी कारणं त्यात येतात. वर्षानुवर्षं चुलीपुढे बसलेल्या बाईला या आजारासाठी स्वतःला किंवा कोणाला दोष द्यायची गरज नाही.

कोणाला काय येतं, याची यादी करा

वहीचं एक पान घ्या. डावीकडे माणूस, उजवीकडे त्याचं क्षेत्र. नर्सकडून पंप, नेब्युलायझर (औषधाची वाफ करणारं मशीन), ऑक्सिमीटर (बोटाला लावून ऑक्सिजन मोजणारं मशीन) आणि तब्येत बिघडतेय हे ओळखणं. मेडिकलवाल्याकडून औषधांची आपसातली भांडणं. फिजिओथेरपिस्टकडून श्वास, कफ आणि चालणं. ज्याला स्वतःला आजार आहे त्याच्याकडून रोजच्या कामातल्या युक्त्या. घरात यातलं कोणीच नसेल तर आशाताई, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर, ओळखीचे केमिस्ट यांना विचारा. प्रेमानं विचारलं की माणसं शिकवतात.

या पानावर कोण नको, तेही ठरवा. व्हॉट्सॲपवर काढ्याचे मेसेज पाठवणारे मावसभाऊ कितीही जीव लावत असले तरी त्यांच्याकडून औषध शिकायचं नाही. त्यांना दवाखान्यात सोबत न्या; ती मदत खरोखर मोठी असते.

पंप: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

पंप घेण्यात चुका होणं इतकं सर्रास आहे की औषध लागू पडत नाही असं वाटलं तर डोस वाढवण्याआधी चांगले डॉक्टरही आधी पंप घेऊन दाखवायला सांगतात. माझी नणंद जिल्हा रुग्णालयातून निवृत्त झालेली नर्स. ती आली की चहाआधी पंप मागते. "वहिनी, बोलू नका, घेऊन दाखवा." मला बेसिनच्या आरशासमोर उभं करते आणि स्वतः बाजूला उभी राहून माझ्या ओठांकडे बघते. ओठांच्या कडेनं किंवा नाकातून पांढरी वाफ दिसली की औषध बाहेर गेलं. आरसा ही तिची युक्ती, आणि एकटीनं तपासायला याहून सोपं काही नाही.

तुमच्या जाणकारासमोर एक-एक पायरी करून दाखवा. दाबायच्या पंपाची रीत अशी:

१. टोपण काढा, पंपाच्या तोंडात कचरा गेला नाही ना ते बघा, पंप चांगला हलवा. पंप नवा असेल किंवा बरेच दिवस बंद असेल तर माहितीपत्रकात लिहिलं असेल तेवढे फवारे आधी हवेत मारा.
२. ताठ बसा किंवा उभे राहा. श्वास सावकाश पूर्ण बाहेर सोडा, पण पंपात नाही.
३. पंप दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटा. जीभ आड येऊ देऊ नका.
४. तोंडानं हळू श्वास आत घ्यायला सुरुवात करा आणि त्याच क्षणी दाबा. दाबल्यावरही श्वास आत जात राहिला पाहिजे.
५. दहा सेकंद श्वास धरा. जमत नसेल तर जमेल तेवढा.
६. दुसरा फवारा असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबून, पुन्हा हलवून.
७. पंपात स्टिरॉइड असेल तर खळखळून चूळ भरा आणि पाणी थुंका. नाहीतर तोंड येतं, घसा बसतो.

चौथी पायरी बहुतेकांना जमत नाही, वयस्कर हातांना तर नाहीच. त्यासाठी स्पेसर असतो, म्हणजे पंपापुढे लावायची प्लॅस्टिकची नळी. त्यात एकावेळी एकच फवारा मारायचा आणि सावकाश ओढायचा. स्पेसर कोमट साबणाच्या पाण्यात धुवायचा आणि पुसायचा नाही, तसाच वाळू द्यायचा. फडक्यानं पुसला की आत स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटून बसतं. हे मला नणंदेनं सांगितलं, दुसऱ्या कोणीच नाही.

कॅप्सूलच्या पंपाचं, म्हणजे रोटाहेलरसारख्या यंत्राचं, उलट असतं. तिथे श्वास जोरात आणि खोल ओढायचा, तरच पावडर आत जाते. त्यात फुंकायचं नाही. पावडर ओली होते. ओढून झाल्यावर उघडून बघा, पावडर राहिली असेल तर पुन्हा ओढा. आणि घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा की ही कॅप्सूल गिळायची नसते. गोळ्यांच्या डब्यात एकत्र ठेवली की आजी-आजोबा पाण्याबरोबर घेऊन टाकतात.

पंप संपला की नाही हे हलवून कळत नाही. औषध संपल्यावरही आतला वायू फुसफुसत राहतो. पाण्यात तरंगवून बघायची जुनी पद्धतही भरवशाची नाही. मागे आकडा दिसत असेल तर तो बघा; नसेल तर डब्यावर किती फवाऱ्यांचा आहे ते लिहिलेलं असतं. रोजच्या वापरानं भागा आणि संपायची तारीख पंपावर चिकटपट्टीनं लावून टाका.

"पंपाची सवय लागते" असं म्हणणारे नातेवाईक भेटतीलच. त्यांना शांतपणे सांगा: पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं, गोळीतलं मिलिग्रॅममध्ये. पंपानं कमी औषधात काम होतं कारण ते थेट फुप्फुसात जातं.

हे सगळं एकदा शिकून संपत नाही. हात हळूहळू आळशी होतो. दर सणाला, दर भेटीला पुन्हा घेऊन दाखवायचं.

औषधांची पिशवी मेडिकलवाल्यासमोर रिकामी करा

माझा भाचा फार्मसिस्ट आहे. तो म्हणाला, "मामी, यादी नको, पिशवीच आणा." घरातली सगळी औषधं, थेंब, मलम, चूर्ण, काढे त्याच्यासमोर पलंगावर ओतायचे. यादीत माणूस फक्त छातीची औषधं लिहितो. डोळ्यांचे थेंब लिहीत नाही, आणि नेमके तिथेच धोके असतात. काचबिंदूसाठी दिले जाणारे टिमोलॉलचे थेंब नुसते डोळ्यात राहत नाहीत. रक्तात जातात आणि श्वासनळ्या आवळू शकतात. डोळ्यांच्या डॉक्टरांना आपला आजार माहीत नसेल तर ते लिहून देणार. भाच्यानं ओळखलं तरी त्यानं बंद करायचं नाही. चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं आणि ती आपण दोन्ही डॉक्टरांना दाखवायची.

त्याला आणखी हे विचारा. ब्लडप्रेशरची गोळी टिमोलॉलच्याच, म्हणजे बीटा-ब्लॉकर गटातली आहे का, आणि असेल तर कोणती? डेरिफायलिन ही श्वासनळ्या मोकळ्या करणारी गोळी चालू असताना सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक दिलं तर काय होतं? (डेरिफायलिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं, मळमळ, धडधड होते.) झोपेची गोळी चालेल का? दुसऱ्याची कफ सिरप घेतली तर? पंपानं हात थरथरतात, तोंडाला कोरड पडते, पुरुषांना लघवी अडते, यातलं कोणतं कशानं? स्टिरॉइडच्या गोळ्यांनी साखर वाढते, तेव्हा मधुमेहाचं काय करायचं?

आणि "दम्याची पुडी". नाव नसलेली, लेबल नसलेली, दोन दिवसांत आराम देणारी. अशा पुड्यांमध्ये न सांगता स्टिरॉइड मिसळल्याची प्रकरणं सापडली आहेत. आराम त्याचाच असतो आणि हाडं, साखर, डोळे यांचं नुकसानही त्याचंच. घरात कोणी कौतुकानं आणली असेल तर तीही पिशवीत टाका.

श्वास, कफ आणि चालणं

सून फिजिओथेरपिस्ट असणं हे माझं भाग्य. तिनं पहिली शिकवली ती फुंकर. नाकानं दोन आकडे मोजेपर्यंत श्वास आत, ओठांचा चंबू करून चार आकडे मोजेपर्यंत बाहेर. जोर लावायचा नाही. सीओपीडीत अडचण श्वास घेण्यापेक्षा सोडण्याची असते. जुनी हवा आत अडकते, मग नवीन हवेला जागा राहत नाही. चंबूमुळे नळ्या थोडा वेळ उघड्या राहतात. हे बरं वाटत असताना शिकायचं. धाप लागल्यावर कोणालाही काही शिकता येत नाही.

जिन्यावर तिनं दिलेला नियम: थांबून श्वास घ्यायचा, सोडताना पायरी चढायची. वाकताना, उचलताना, बालदी सरकवताना जोराचं काम श्वास सोडतानाच. धाप लागली की खुर्चीत बसून पुढे झुकायचं, कोपरं गुडघ्यांवर. स्वयंपाकघरात असाल तर ओट्यावर हात टेकून पुढे झुका.

कफासाठी जोरजोरात खोकून दमायचं नाही. मध्यम श्वास घेऊन, तोंड उघडं ठेवून, चष्म्याची काच धुसर करताना सोडतो तसा "हाः" करून श्वास सोडायचा. दोन-तीनदा केलं की कफ वर येतो, मग एकदा खोकायचं.

चालण्याबद्दल घरच्यांचं प्रेम आडवं येतं. "आई, तुम्ही बसा, दम लागेल." दम लागतो म्हणून बसायचं, बसून पायांचं बळ जायचं, मग आणखी लवकर दम लागायचा, असं हे चक्र आहे. व्यायामानं फुप्फुसं बदलत नाहीत, पण स्नायू थोडक्या ऑक्सिजनमध्ये जास्त काम करायला शिकतात. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतपत धाप चालते. मोठ्या शहरांत पल्मनरी रिहॅबिलिटेशनचे, म्हणजे श्वासाच्या पेशंटसाठी देखरेखीखाली व्यायामाचे, सहा-आठ आठवड्यांचे वर्ग असतात. जमलं तर नक्की जा. नाहीतर डॉक्टरांना विचारून सुनेबरोबर घरच्या गच्चीवर.

रोजच्या युक्त्या मात्र ज्याला आजार आहे त्याच्याकडूनच. आमच्या चुलत सासऱ्यांनी सांगितलेलं: अंघोळीला स्टूल, टॉवेलनं पुसत बसण्यापेक्षा सुती गाऊन अंगावर घ्यायचा, पोटभर जेवण दोनदा घेण्यापेक्षा थोडं थोडं चार-पाच वेळा, कारण भरलेलं पोट श्वासपटल वर ढकलतं. मी त्यात भर घातली: वेणी घालताना कोपरं टेबलावर टेकवा, हात वर धरले की दम फार लवकर लागतो.

बोटाचं मशीन आणि ऑक्सिजन

ऑक्सिमीटर नर्ससमोर लावून दाखवा. पाच मिनिटं बसल्यावर, हात गरम असताना, नेलपॉलिश काढून, आकडा स्थिर होईपर्यंत. सावळ्या त्वचेवर हे मशीन कधीकधी खऱ्यापेक्षा थोडं जास्त दाखवतं, म्हणून आकडा बरा आणि माणूस बेचैन असेल तर माणसावर विश्वास ठेवा. तब्येत चांगली असतानाचा आपला नेहमीचा आकडा वहीत लिहा. तुलना त्याच्याशी, शेजाऱ्याच्या ९८ शी नाही.

घरी ऑक्सिजन लागला असेल तर एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला पाठ हवी: ऑक्सिजनचे लिटर (फ्लो) आपल्या मनानं वाढवायचे नाहीत. सीओपीडीत ऑक्सिमीटरवर साधारण ८८ ते ९२ पुरेसे धरतात. जास्त ऑक्सिजननं काही पेशंटच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि माणूस गुंगीत जातो. घाबरलेला मुलगा प्रेमानं फ्लो वाढवतो, म्हणून त्याला आधीच शिकवा. मशीनजवळ निरांजन, उदबत्ती, गॅस, विडी काही नको. वीज जाते तिथे भरलेला सिलिंडर हवा आणि तो उघडायला दोघांना तरी यायला हवा.

धुराबद्दल घरात बोलणं

हे सगळ्यात अवघड, कारण इथे आपल्यालाच जाणकार व्हायचं असतं. मच्छर अगरबत्तीवर झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींएवढे सूक्ष्म कण निघाल्याचं दिसलं. हा आकडा सासूबाईंना सांगितला की कॉइल जाऊन मच्छरदाणी येते. देवघरातल्या धुपाबद्दल तसं होत नाही. तिथे नर्स नणंदेला बोलायला सांगा, लेकीचं ऐकतात. धुपाऐवजी फुलं, केरसुणीऐवजी ओल्या फडक्यानं पुसणं, फोडणीच्या वेळी खिडकी उघडी, दिवाळीत फटाक्यांच्या संध्याकाळी खिडक्या बंद. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत नंबर फ्रिजवर लावा.

बिघाडाचा कागद

नर्सला सोबत बसवून हा कागद तयार करा आणि डॉक्टरांकडून तपासून घ्या. तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या: धाप नेहमीपेक्षा वाढली, बेडका वाढला, बेडक्याचा रंग पिवळा-हिरवा झाला. यातलं काहीही सुरू झालं की वाट न बघता डॉक्टरांना फोन. घरात ठेवायचं अँटिबायोटिक किंवा स्टिरॉइड असेल तर ते कधी सुरू करायचं हे डॉक्टरांनीच त्या कागदावर लिहायचं.

त्याखाली लाल पेनानं: सकाळी डोकं जड, गुंगी, बोलण्यात गोंधळ, ओठ निळसर, वाक्य पुरं करता न येणं, छातीत दुखणं. तेव्हा फोनवर सल्ला विचारत बसायचं नाही, थेट १०८. जाणकार नातेवाईक अमेरिकेत असला तरी त्याला कळवायचं ते ॲम्ब्युलन्स बोलावल्यानंतर.

याच बैठकीत लसींचंही विचारा: फ्लूची दरवर्षी, न्यूमोकोकलची (न्यूमोनियाची) डॉक्टर सांगतील तशी.

आणि मन घट्ट करून आणखी एक बोलून घ्या. बायपॅपचा (श्वासाला जोर देणाऱ्या मशीनचा) मास्क, व्हेंटिलेटर, आयसीयू हे शब्द पहिल्यांदा कॅज्युअल्टीच्या दारात कानावर पडू नयेत. तुम्हाला कुठपर्यंत उपचार हवेत, हे नात्यातल्या ज्या माणसाचा धीर टिकतो त्याला सांगा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अशी इच्छा लिहून ठेवायला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही करता येते. नणंदेशी हे बोलताना माझे डोळे भरले, तिचेही. पण तिनं विषय बदलला नाही, याबद्दल मी तिची ऋणी आहे.

सल्ले भिडले तर

नर्स म्हणते वाफारा घ्या, फिजिओ म्हणते नको, काका म्हणतात मला फरक पडला. दोन्ही मतं वहीत लिहा, तारीख घाला, पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर ठेवा. ठरेपर्यंत चालू आहे तेच चालू. कोणालाही "तुमचं चुकलं" म्हणायचं नाही. भाचा दुकानात असताना दर खोकल्याला फोन करायचा नाही. प्रश्न साठवून रविवारी विचारायचे. शिकवणारी माणसं दमली की आपलं शिकणं थांबतं.

जो दिवसभर घरात असतो त्याला शिकवा

जाणकार माणूस बहुधा दुसऱ्या घरात असतो. घरात असतात नवरा, बारावीचा नातू, कामाच्या ताई. त्यांच्यापैकी दोघांना तीन गोष्टी करून दाखवायला लावा: स्पेसरला पंप जोडणं, ऑक्सिमीटर लावून आकडा वाचणं, १०८ ला फोन करून पत्ता सांगणं. तिसरी गोष्ट खरोखर बोलून घ्या, फोन न लावता. घाबरलेला माणूस स्वतःच्या घराचा पत्ता अडखळत सांगतो. इमारतीचं नाव, जवळची खूण, कोणता मजला, लिफ्ट आहे की नाही, आणि "सीओपीडीचा पेशंट आहे, ऑक्सिजन लागतो" हे वाक्य, सगळं मोठ्या अक्षरात दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. औषधांची यादी आणि स्पायरोमेट्रीच्या रिपोर्टची झेरॉक्स त्याच दारामागच्या पिशवीत ठेवा.